स्पोर्ट्स कार इलेक्ट्रिक करताना इंजिन काढणं सोपं, मग अवघड काय असतं? माझदा मिआटाच्या उदाहरणातून समजून घ्या

जुन्या पेट्रोल गाडीतलं इंजिन काढून तिथे मोटर आणि बॅटरी बसवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. क्रेनला लटकलेलं इंजिन वर येतं, मागे संगीत वाजतं आणि पुढच्या दृश्यात गाडी आवाज न करता रस्त्यावर धावते. प्रत्यक्षात या दोन दृश्यांच्या मध्ये बरेच महिने, कधी कधी वर्षं जातात. असे अनेक प्रकल्प याच मधल्या काळात बंद पडतात. गॅरेजमध्ये इंजिन नसलेली गाडी उभी राहते, नटबोल्ट कुठल्या डब्यात आहेत ते कुणाला आठवत नाही आणि चालती गाडी भंगाराच्या भावात विकावी लागते.

हे टाळायचं असेल तर गाडी खोलण्याच्या टप्प्याकडे नीट बघावं लागतं. त्यासाठी माझदा एमएक्स-५ ही गाडी उदाहरण म्हणून घेऊ. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात.

मिआटाच का?

ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी जपानी स्पोर्ट्स कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. २०१६ मध्ये माझदाने दहा लाखावी एमएक्स-५ बनवली. गाड्यांची संख्या एवढी मोठी असल्यामुळे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांची ती आवडती गाडी आहे.

पहिल्या पिढीच्या गाडीत १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. अमेरिकन मॉडेलमध्ये त्याची ताकद ११६ हॉर्सपॉवर. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. गाडीचं वजन हजार किलोच्या आत आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं. वळणावर ही गाडी हातात राहते ती याच वाटणीमुळे. इलेक्ट्रिक करताना सगळ्यात आधी धोक्यात येते तीही हीच वाटणी.

पाना हातात घेण्याआधी वजनकाटा

म्हणून पहिलं काम खोलण्याचं नसतं, मोजण्याचं असतं. गाडी चालू असताना चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवून प्रत्येक चाकावर किती भार येतो ते लिहून ठेवतात. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजतात. इंजिन निघालं की पुढची स्प्रिंग हलकी होते आणि गाडीचं नाक वर उचललं जातं. मूळ उंची लिहिलेली नसेल तर बॅटऱ्या बसवल्यावर गाडी पूर्वीसारखी उभी आहे की नाही हे ठरवायला काहीच आधार उरत नाही.

त्यानंतर निघालेला प्रत्येक भागही काट्यावर जातो. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सरची संपूर्ण नळी, पेट्रोलची टाकी, सगळं. किती वजन निघालं आणि गाडीच्या कुठल्या भागातून निघालं, याची वही हाच पुढच्या कामाचा नकाशा. हौशी लोक नेमकी हीच पायरी गाळतात. कंटाळवाणी आहे हे खरं, पण नंतर ती करताच येत नाही.

वायरिंगचंही तसंच. प्रत्येक जोडणी सुटण्याआधी तिचा फोटो घ्यायचा आणि वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाची चिकटपट्टी लावायची. नटबोल्ट ज्या भागाचे, त्या भागाच्या नावाच्या पिशवीत. तीस वर्षं जुन्या गाडीत प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतातच. त्या तुटल्या तशा लिहून ठेवल्या तर बाजारातून एकदाच आणता येतात.

आधी पातळ पदार्थ, मग लोखंड

बॅटरीची वायर सर्वांत आधी काढतात. मिआटामध्ये १२ व्होल्टची बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीत असते. अमेरिकन मॉडेलच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, त्यामुळे बॅटरी सोडवल्यावर थोडा वेळ थांबूनच त्या भागाला हात लावायचा.

पेट्रोलच्या नळ्यांमध्ये इंजिन बंद असतानाही दाब असतो. तो आधी उतरवावा लागतो, नाहीतर नळी सोडताच पेट्रोलची पिचकारी उडते. टाकी ४५ लिटरची, सीटच्या मागे. ती रिकामी केली की धोका संपला असं वाटतं, पण प्रकार उलटा आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण असतं आणि स्फोट व्हायला तेच पुरेसं ठरतं. त्यामुळे अशा टाकीजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवायचं नाही.

रेडिएटरमधला कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतो. जमिनीवर सांडला तर कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात. एसीचा गॅस हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. तो प्रमाणित तंत्रज्ञाकडून यंत्राने काढून घ्यावा लागतो. पहिल्या काही वर्षांच्या मिआटामध्ये आर-१२ हा ओझोनच्या थराला घातक गॅस होता, म्हणून तिथे जास्तच काळजी लागते.

यानंतर बॉनेट, रेडिएटर आणि सायलेन्सर निघतात. गाडीखाली जाण्याआधी ती भक्कम घोड्यांवर टेकवलेली हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मिआटाची एक खासियत इथे समोर येते. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट या गाडीत आहे. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी लगेच प्रतिसाद देते त्यात या चौकटीचा मोठा वाटा आहे. पण ती सोडवली की गिअरबॉक्सची शेपटी अधांतरी होते, म्हणून खाली जॅकचा आधार आधीच द्यावा लागतो. तिचे बोल्ट आणि स्पेसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जपून ठेवायचे. मग प्रोपेलर शाफ्ट मागे ओढून काढतात आणि इंजिन-गिअरबॉक्सचा जोड क्रेनने तिरका करत वरून बाहेर घेतात. सरावलेल्या दोन माणसांना हे एका सुट्टीच्या दिवसात जमतं.

इंजिन आणखी काय काय करत होतं?

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. इंजिन चाकं फिरवतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते निघाल्यावर कळतं की गाडीतली अर्धी घरकामं तेच करत होतं.

ब्रेक हलका लागतो, कारण इंजिन हवा ओढताना तयार होणारी पोकळी ब्रेकच्या बूस्टरला मदत करते. इंजिन गेलं की ब्रेक लागतो, पण पायाला दगडासारखा कडक लागतो. त्यासाठी विजेवर चालणारा व्हॅक्युम पंप बसवावा लागतो आणि तो बंद पडला तर इशारा देणारा दिवाही हवा. या कामात चालढकल करून चालत नाही.

हीटरची गरमी इंजिनच्या गरम पाण्यातून येते, तिच्या जागी विजेचा हीटर येतो. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, पॉवर स्टिअरिंगचा पंपही पट्ट्यावर. १२ व्होल्टची बॅटरी अल्टरनेटर चार्ज करतो. आता ते काम मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करणार. दिवे, वायपर, हॉर्न आणि मिआटाचे ते प्रसिद्ध उघडझाप करणारे हेडलाइट, सगळं त्याच्यावर चालतं.

स्पीडोमीटरची गोष्ट गमतीची आहे. पहिल्या पिढीच्या मिआटात तो गिअरबॉक्समधून निघणाऱ्या केबलवर चालतो. मूळ गिअरबॉक्स ठेवला तर स्पीडोमीटर फुकटात चालू राहतो. टॅकोमीटर मात्र इग्निशनच्या सिग्नलवर चालतो. त्यामुळे इंजिन गेलं की काटा शून्यावर झोपतो आणि त्याला मोटरकडून वेगळा सिग्नल द्यावा लागतो.

मूळ गिअरबॉक्स ठेवायचा की नाही, हा मोठा निर्णय. ठेवायचा असेल तर मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते. दोन्हींचे शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर बेअरिंग लवकर खराब होतात. म्हणून इंजिन वेगळं करतानाच गिअरबॉक्सच्या तोंडाची मापं, फ्लायव्हीलची खोली आणि जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना जपाव्या लागतात. इंजिन विकून टाकल्यावर ही मापं घ्यायची आठवण होते, तेव्हा उशीर झालेला असतो.

आकडे काय सांगतात?

पहिल्या निसान लीफची मोटर अशा कामांत लोकप्रिय आहे. ती ८० किलोवॅटची, म्हणजे साधारण १०७ हॉर्सपॉवरची. मिआटाच्या इंजिनपेक्षा थोडी कमीच. पण टॉर्क बघा. मिआटाच्या १.६ इंजिनचा टॉर्क सुमारे १३५ न्यूटन-मीटर, तर २०११ च्या लीफ मोटरचा २८० आणि तोही थांबलेल्या अवस्थेपासून. मूळ १.६ गाडीचा डिफरन्शियल आधीच नाजूक समजला जातो, १९९४ पासूनच्या १.८ गाडीत तो मोठा केला गेला. त्यामुळे एकतर कंट्रोलरमधून टॉर्कवर मर्यादा घालायची, नाहीतर १.८ चा डिफरन्शियल शोधायचा.

बॅटरीचा हिशेब अधिक कडू आहे. ४५ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ४०० किलोवॅट-अवर ऊर्जा असते, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ४०० युनिट. त्या पेट्रोलचं वजन जेमतेम ३३ किलो. पहिल्या लीफची पूर्ण बॅटरी २४ युनिटची. तिच्यात ४८ मॉड्यूल, प्रत्येकी ३.८ किलोचं, म्हणजे बाहेरचा डबा सोडूनच १८२ किलो. इंजिन पेट्रोलमधली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर जवळपास सगळी वापरते, म्हणून फरक दिसतो तेवढा भयंकर नाही. तरीही २०११ च्या लीफची अमेरिकेतली अधिकृत रेंज ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटरच होती.

हे १८२ किलो कुठे ठेवायचे, याचं उत्तर त्या वजनाच्या वहीत असतं. सगळी मॉड्यूल इंजिनच्या जागेत रचली तर गाडी नाकाने जड होते. म्हणून बरेच जण काही मॉड्यूल पुढे आणि काही पेट्रोलच्या टाकीच्या जागी, दोन चाकांच्या मध्ये आणि शक्य तितकी खाली बसवतात. जुन्या लीफची बॅटरी उघडणं हे मात्र वेगळ्याच जातीचं काम आहे. तिथे साडेतीनशे व्होल्टच्या वर डीसी दाब असतो आणि तो गाडी बंद केल्याने नाहीसा होत नाही. प्रशिक्षण आणि योग्य हातमोजे नसतील तर त्याला हात लावू नये.

कारखान्यातून झालेलं एक उदाहरण इथे बोलकं आहे. जग्वारने २०१७ मध्ये १९६८ च्या ई-टाइपची इलेक्ट्रिक आवृत्ती दाखवली. मे २०१८ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी आणि मेगन लग्नानंतर तिच्यातूनच स्वागत समारंभाला गेले. तिची ४० युनिटची बॅटरी मूळ इंजिनच्या मापाची आणि जवळपास तेवढ्याच वजनाची बनवली होती आणि मोटर गिअरबॉक्सच्या जागी. गाडी मूळपेक्षा ४६ किलोने हलकी झाली आणि हवं तेव्हा पुन्हा इंजिन बसवता येईल असं कंपनीने सांगितलं.

परतीचा रस्ता ठेवावा का?

यावर जुन्या गाड्यांच्या जगात वाद आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना, फिवा, हिने २०१९ मध्ये भूमिका मांडली की इलेक्ट्रिक केलेली गाडी ‘ऐतिहासिक वाहन’ या व्याख्येत बसत नाही. ज्यांना तरीही बदल करायचा आहे त्यांनी मूळ भाग जपून ठेवावेत आणि बदल उलटवता येईल असा करावा, असंही सुचवलं. मिआटा दुर्मीळ नाही, त्यामुळे तिथे भावना कमी आणि पैसा जास्त बोलतो. चालू इंजिन विकून बॅटरीच्या खर्चाला हातभार लागतो. पण चॅसीला भोक पाडायचं की मूळ बोल्टच्या जागा वापरून कंस बसवायचे, हा प्रश्न प्रत्येकासमोर येतो. दुसरा पर्याय वेळखाऊ असला तरी पुढचा मालक त्याचेच पैसे देतो.

आपल्याकडे हे करता येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायला परवानगी आहे, पण त्यासाठीचं किट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तपासलेलं हवं. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. या किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. बदल झाल्यावर आरटीओकडून आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. किटची मान्यता ठरावीक गाड्यांसाठी असते. त्यामुळे खपाच्या गाड्यांना किट मिळू शकतं, पण भंगारातल्या बॅटरीवर घरी बनवलेली एकुलती एक स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणणं इथे फार अवघड आहे. तेव्हा इंजिनचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी आरटीओत जाऊन चौकशी करणं स्वस्त पडतं. आरसीवर ‘पेट्रोल’ लिहिलेली आणि आत मोटर असलेली गाडी पोलिसांनी अडवली तर दंड होतोच, शिवाय अपघातात विम्याचा दावाही अडकू शकतो.