किस्मी टॉफी : पार्ल्याच्या कारखान्यातून गावच्या बरणीत

गोवंडीची टपरी असो की गावातलं किराणा दुकान, काचेच्या बरणीत लाल कागदातली किस्मी सगळ्यांच्या ओळखीची. ही टॉफी मुंबई उपनगरातल्याच पार्ले कंपनीची. मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात कारखाना काढला आणि गावाचंच नाव कंपनीला दिलं. तेव्हा टॉफी म्हणजे महागडा विलायती माल. पार्लेने आधी गोळ्या बनवल्या, बिस्किटं मागाहून आली.

किस्मी आली १९६३ साली. विलायती टॉफीला तिने आपल्या खिरीतल्या वेलचीची चव दिली.

टॉफी चिवट का लागते? साखरेच्या पाकात ग्लुकोज, दूध आणि तेल-तूप घालून ती शिजवतात. कडक गोळीचा पाक साधारण १५० अंशांपर्यंत तापवतात, टॉफीचा १२० अंशांच्या आसपासच उतरवतात. थोडं पाणी शिल्लक राहतं, म्हणून ती फुटत नाही, दाताला चिकटते.

विलेपार्ल्याचा तो जुना कारखाना २०१६ साली बंद झाला. स्टेशनवर उतरलं की येणारा गोड वास थांबला, कामगारांची वर्दळही गेली. किस्मी मात्र आजही दुकानात मिळते.