एका बातमीचा महिना : खैरलांजी, मिसिसिपी आणि राजकीय पत्रकारिता

भंडारा शहराकडून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. येथील वाचकाच्या हाती पडणारी प्रमुख मराठी दैनिके सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूरची असतात. वृत्तपत्रांच्या गाडीला हे अंतर फारसे नाही. तथापि २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे, भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली, तेव्हा त्या घटनेमागील जातिसंबंधांचा प्रश्न व्यापक वाचकवर्गासमोर येण्यास जवळजवळ एक महिना लागला. आरंभीच्या बातम्यांत पोलिसांकडून आलेले अनैतिक संबंधांचे कथन प्रामुख्याने आढळते. जमिनीचा वाद आणि मारहाणीच्या एका प्रकरणात दिलेली साक्ष ही पार्श्वभूमी प्रथम उजेडात आणली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांनी.

याच्याशी अमेरिकेतील एका घटनेची तुलना उद्बोधक ठरते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्याच्या आईने शिकागो येथे शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने सप्टेंबरमध्येच त्याच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र छापले. हे शक्य झाले, कारण त्या समाजाजवळ स्वतःचा छापखाना होता. १८२७ च्या 'फ्रीडम्स जर्नल'पासून ही परंपरा सुरू होते. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या 'शिकागो डिफेंडर'चे अंक तर रेल्वेतील कृष्णवर्णीय हमाल व सेवक दक्षिणेत पोहोचवीत असत.

महाराष्ट्रात अशी परंपरा नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे निघाली. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदविले आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी लोकसभेची निवडणूक लढविली, ती याच भंडारा मतदारसंघातून. तीत त्यांचा पराभव झाला. उणीव होती ती भांडवल, जाहिराती आणि वितरण यांची. मोठ्या वृत्तपत्रांची दारेही बंदच होती. पत्रकार बी. एन. उनियाल यांनी १९९६ मध्ये दिल्लीतील मान्यताप्राप्त पत्रकारांत शोध घेतला, तेव्हा त्यांना एकही दलित पत्रकार आढळला नाही.

या भेदाचा नागरिकांवर झालेला परिणाम सरळ रेषेत मोजता येत नाही. टिल प्रकरणी बातमी वेळेवर आली, पण सर्व गोऱ्या पंचांनी २३ सप्टेंबर १९५५ रोजी आरोपींना निर्दोष ठरविले. मात्र त्या छायाचित्राने एक पिढी जागी केली आणि त्याच डिसेंबरात माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला. इकडे बातमी उशिरा आली. नोव्हेंबर २००६ मध्ये विदर्भभर आंदोलने उसळली, तेव्हा त्यांमागे नक्षलवादी असल्याची शंका गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी व्यक्त केली आणि चर्चेचा रोख हत्येवरून आंदोलकांकडे वळला. बातमीच्या विलंबाची ही किंमत अधिक गंभीर मानावी लागेल, कारण शोकाकुल नागरिकालाच त्यामुळे संशयिताच्या जागी उभे राहावे लागले.

भंडारा सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू केला नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद ठरविली व जातिद्वेषाचा हेतू अमान्य केला. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये खैरलांजीवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाचे शीर्षक झुंडबळींविषयीच्या एका अमेरिकन गीतातून घेतलेले आहे.