मांजरीच्या लसीची पावती आणि संशोधनाचा प्रश्न

मागच्या आठवड्यात आमच्या मनीला लस देऊन आणली. पावतीवर तीनच ओळी. तपासणी 300, तीन आजारांची एकत्र लस 900, रेबीजची लस 300. एकूण 1500 रुपये, आणि एकत्र लसीचा दुसरा डोस महिन्याभराने परत. फेलोशिप तीन महिने आलेली नाही, त्यामुळे पावती जरा जास्तच वेळ हातात राहिली.

घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "आपल्या गावच्या मांजरांना कोणी टोचलं होतं गं कधी?"

तुम्ही पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसला असाल तर इथे थांबा. 'मांजरीची लस एवढी महाग का?' हा माझा प्रश्न ग्राहकाचा आहे. आईचा प्रश्न इतिहासाचा आहे. तो नीट मांडला तर असा होतो: जनावरांच्या लसीवर आधी कोण खर्च करत होतं, कोणत्या जनावरांवर, आणि मांजरीचा खर्च पाळणाऱ्याच्या खिशातून कसा जाऊ लागला?

आता पुराभिलेखागारात गेलात आणि 'मांजर' शोधलंत, तर हाती फारसं लागणार नाही. कारण सरकारी कागद जनावरांच्या नावाने लावलेले नसतात, सरकारच्या गरजेप्रमाणे लावलेले असतात. म्हणून तीन वेगळ्या फाइलींकडे जावं लागतं.

पहिली फाइल गुरांची. 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. 1893 मध्ये ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली. तिथे बुळकांडीसारख्या गुरांच्या रोगांवर काम झालं. बैल मेला की नांगर थांबतो, नांगर थांबला की शेतसारा अडतो. त्यामुळे बैलाच्या लसीवर सरकारचा पैसा गेला. मांजर मेली तर सरकारचं काही अडत नव्हतं.

दुसरी फाइल चावलेल्या माणसाची. 6 जुलै 1885 ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला रेबीजची लस टोचायला सुरुवात झाली. भारतात 1900 मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिथेच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही रेबीजची लस तयार होऊ लागली. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही घरोघरची आठवण सेंपलच्या लसीची. तिच्यामुळे काही जणांना अर्धांगासारखे त्रास झाले, तरी भारतात मेंदूपासूनच्या लसीचं उत्पादन थेट 2004 च्या अखेरीस थांबलं. या फाइलीत मांजर आहे, पण फक्त चावणारी म्हणून.

तिसरी फाइल प्लेगची. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे उंदरांचा संबंध स्पष्ट झाला, तेव्हा मांजर एकदम कामाची झाली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की प्लेग रोखायला मांजरी पाळाव्यात. गंमत बघा, इथे मांजरीला लस द्यायची नाहीये. मांजर हीच लस आहे, आणि तीही बिनपैशाची!

तिन्ही फाइली शेजारी ठेवल्या की एक गृहीतक तयार होतं: मांजर उंदीर मारायच्या कामावर होती तोवर तिच्या औषधपाण्याचा हिशोब कुणी ठेवला नाही, ती कामावरून सुटून सोफ्यावर आली तेव्हा पावती सुरू झाली. हे वाक्य आकर्षक आहे, म्हणूनच त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ते तपासायला सरकारी फाइली पुरणार नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, जनावरांच्या दवाखान्यांची रजिस्टरं, निवृत्त पशुवैद्यांच्या मुलाखती, कुणाच्या कपाटात उरलेल्या पावत्या, इथे जावं लागेल. आणि कागदात मांजर नाही म्हणजे लोकांना तिची माया नव्हती, असा अर्थ काढू नका. इंग्रज अंमलदाराने आजीच्या मांजरीची नोंद कशाला ठेवली असती?

एक शेवटची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या शेतावर येणाऱ्या मावशींना मांजर चावली. सरकारी दवाखान्यात त्यांना लस फुकट मिळाली. पण त्यासाठी चार फेऱ्या झाल्या, चार वेळा एसटीचं भाडं गेलं आणि चार दिवसांची मजुरी बुडाली. माझ्या 1500 रुपयांची पावती आहे. मावशींच्या खर्चाची कुठेच नाही. उद्याचा संशोधक फक्त पावत्या मोजेल, तर मनीच्या लसीला पैसे पडले आणि मावशींची लस फुकट झाली, असं लिहून मोकळा होईल.

कसौलीच्या फाइली वाचतानाही हेच विचारा. तिथवरच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले? मागे शेत कुणी सांभाळलं? तुमच्या विषयातही जिथे 'मोफत' हा शब्द दिसेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा तुमचा खरा प्रश्न तिथेच सापडतो.