पोतोसीची चांदी आणि आकाशातील खाणी

लघुग्रहांवरील खाणकामाचा विषय निघाला की एक प्रचंड आकडा हमखास पुढे केला जातो : 'सायकी' या १८५२ साली सापडलेल्या, धातुसंपन्न मानल्या गेलेल्या लघुग्रहाची आजच्या बाजारभावाने होणारी किंमत. या हिशेबातील 'आजच्या बाजारभावाने' हे शब्द आम्हांला शंकास्पद वाटतात. त्या शंकेचे मूळ सोळाव्या शतकाच्या इतिहासात आहे.

आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५ साली चांदीचा डोंगर स्पॅनिशांच्या हाती लागला. तेथील चांदी जहाजे भरभरून स्पेनला जाऊ लागली. परिणाम काय झाला? त्या शतकात स्पेनमधील किमती सुमारे तिप्पट-चौपट झाल्या. लोकसंख्यावाढीसारखी अन्य कारणेही इतिहासकार देतात. परंतु पैसा मुबलक झाला की त्याचे मोल घटते, हे सालामांकाच्या परंपरेतील आस्पिल्कुएता याने १५५६ सालीच लिहून ठेवले होते. दुसऱ्याच वर्षी स्पेनच्या राजाने कर्जफेड थांबवली. १५७५ आणि १५९६ साली तेच पुन्हा घडले. चांदी आली आणि युद्धांच्या सावकारांकडे निघून गेली.

डोंगराखाली मात्र माणसे राहिली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने 'मिता' ही सक्तीच्या मजुरीची पद्धत तेथे लागू केली. दूरदूरच्या गावांतील मूलनिवासी पुरुष पाळीपाळीने खाणीत उतरू लागले. संपत्तीच्या हिशेबवहीत त्यांची नोंद केवळ मजूर म्हणून आहे.

आकाशातील खाणीत असे मजूर नसतील, हे खरे. परंतु प्लॅटिनम आकाशातून विपुल आले, तर त्याचा भाव कोसळेल. आणि जगातील बहुतांश प्लॅटिनम काढणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील खाणकामगारांच्या चुली त्या भावावरच पेटतात. मालकीचा प्रश्नही अनिर्णितच आहे. १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला खगोलावर सार्वभौमत्व सांगण्यास मनाई केली. अमेरिकेने २०१५ साली आणि लक्झेंबर्गने २०१७ साली मात्र काढलेल्या खनिजांवरील खाजगी मालकीला कायद्याने मान्यता दिली.

२०२३ साली बेन्नू या लघुग्रहावरून पृथ्वीवर आणलेले द्रव्य भरले १२१.६ ग्रॅम. म्हणजे विचाराला अद्याप अवधी आहे. पोतोसीच्या मजुरांना कोणी विचारले नव्हते. या वेळी कोणाकोणाला विचारायचे, हे पहिले जहाज परतण्याआधीच ठरले पाहिजे, असे आम्हांला वाटते.