नोकरी परदेशी, मुक्काम रोहा

परवा शेजारच्या आळीतल्या काकींनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "भाई, लेक काय करते हल्ली?" मी म्हणालो, "नोकरी करते." "कुठे?" "अमेरिकेतल्या एका कंपनीत." काकी माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "मग काल कुंडलिकेच्या पुलावर दिसली ती कोण?"

काकींचे चुकले नाही. माझी मुलगी रोह्यातच असते. तिकडच्या दवाखान्यांची बिले विमा कंपन्यांकडे जाण्यापूर्वी ती तपासते. संध्याकाळी साडेसहा वाजता, म्हणजे न्यू यॉर्कला सकाळचे नऊ वाजले की, ती माडीवर जाते आणि दार लावून घेते. मार्चमध्ये अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे करतात, नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे घेतात. आपल्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरातली जेवणाची वेळ बदलते.

खरे सांगायचे तर कोकणाला परदेशी मालक नवा नाही. माझे आजोबा ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर आगवाले होते. बोटीच्या पोटात उभे राहून भट्टीत कोळसा टाकायचा, हे त्यांचे काम. वर्षाकाठी महिना-दोन महिने ते घरी येत. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुसलमान घरांत एक तरी खलाशी असायचाच. या खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला तो 1966 साली. तोपर्यंत आजोबा बोट सोडून घरी आले होते. त्यांच्या वाट्याला खोकला आणि काही गोष्टी एवढेच आले.

अब्बांच्या वेळी वारे पश्चिमेकडे वळले. 1973 मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत पैसा आला, बांधकामे निघाली आणि रायगड-रत्नागिरीतली तरुण मंडळी तिकडे निघाली. अब्बा 1978 मध्ये गेले. दलालाने सांगितलेला पगार आणि तिथे मिळालेला पगार यांत बरेच अंतर होते. पण परत येण्याचे तिकीट आपल्या खिशात नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? दोन वर्षांनी एकदा सुट्टी. मधल्या काळात पत्रे आणि बोलून भरलेल्या कॅसेटी. टेपरेकॉर्डरभोवती आम्ही भावंडे बसायचो आणि अम्मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकायची. बाराव्या वर्षापर्यंत अब्बांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा आवाज मला अधिक ओळखीचा होता.

अशा फसवणुकी देशभर होत होत्या. 1983 साली परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांचा कायदा झाला. भरती करणाऱ्या दलालाला परवाना आवश्यक ठरला. कमी शिकलेल्या कामगारांचे करार तपासण्याचे काम उत्प्रवासी संरक्षक या अधिकाऱ्याकडे आले. कायद्याने सगळे दुःख सरले असे नाही. पण जाणाऱ्याच्या हातात एक कागद आला.

घरी बसून परदेशासाठी काम करणे, हेसुद्धा आपल्या जिल्ह्यात जुनेच आहे. ते पाहायचे तर रोह्याहून दिव्याच्या गाडीत बसा आणि पेणला उतरा. मी नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे हा प्रवास केला. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बहुधा घराची ओटी, पडवी नाहीतर अंगणातला मांडव. परदेशातल्या मराठी मंडळींच्या मूर्ती सणाच्या काही महिने आधीच तयार ठेवाव्या लागतात, कारण त्या समुद्रमार्गे जातात. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले आणि पेणच्या गणपतीला बोट जवळ आली. मूर्ती सातासमुद्रापार जाते, मूर्तिकार आपल्या पडवीत राहतो.

पण त्यात एक फरक आहे. मूर्तिकार वस्तू विकतो. डोळ्यांची आखणी सकाळी करायची की दुपारी, हे त्याचा हात स्थिर केव्हा असेल त्यावर ठरते. माझी मुलगी विकते ते तिचे तास. आणि ते कोणते, हे दुसरा ठरवतो.

तिच्या कामाची पूर्वजही शोधली तर सापडते. इंग्लंडमध्ये 1962 साली स्टेफनी शर्ली या बाईंनी संगणकाचे प्रोग्राम लिहून देणारी कंपनी काढली. लग्न झाल्यामुळे, मुले झाल्यामुळे नोकरी सुटलेल्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी घरबसल्या काम दिले. साधने होती टेलिफोन, टपाल, कागद आणि पेन्सिल.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच दशकात, 26 जानेवारी 1998 रोजी, रोह्यापासून निघणारी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वेने घरातून जाणे सोपे केले. इंटरनेटने घरी राहणे शक्य केले. तरी परदेशाची कामे करणाऱ्या कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना आपल्या माणसांना घरून कामाला बसवणे अवघड होते. दूरसंचार खात्याच्या अटी कडक होत्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा त्या तात्पुरत्या सैल केल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बऱ्याचशा काढून टाकल्या. हजारो मुले-मुली पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या खोल्या सोडून आपापल्या गावी आली. माझी मुलगी त्यांतलीच.

ती आली आणि 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. झाडे पडली, विजेचे खांब वाकले, मोबाइल मुका झाला. आमच्याकडे वीज नव्हती तितके दिवस मुलगी काम करू शकली नाही. तेव्हा ती ज्या कंपनीचे काम करत होती, तिने तेवढ्या दिवसांचे पैसे दिले नाहीत. पुढे काही महिन्यांनी एका रात्री दोन ओळींची ईमेल आली आणि काम संपले. तक्रार कुणाकडे करायची? कंपनीचे भारतात कार्यालय नव्हते. कागदावर माझी मुलगी नोकर नव्हती, स्वतंत्र व्यावसायिक होती. म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, नोटिशीचा महिना नाही.

खलाशासाठी कायदा झाला, आखातात जाणाऱ्यासाठी झाला. मालक परदेशी आणि कामगार आपल्याच घरात, अशा माणसाची दाद घेणारे कार्यालय मला अजून सापडलेले नाही. आजोबांच्या पिढीचा अनुभव असा, की कायदा येतो, पण एका पिढीला चुकवून येतो. या वेळी तसे होऊ नये.

मी या कामाविरुद्ध नाही. अब्बांना जे मिळाले नाही ते मुलीला मिळाले आहे. रमजानमध्ये पहाटे काम आटोपून ती खाली येते आणि आम्ही एकत्र सहेरी करतो. तिचा मुलगा आईला रोज पाहतो, कॅसेटमधून ऐकत नाही.

नवे काम लागले तेव्हा मी तिला एवढेच म्हणालो, करार नीट वाच आणि त्याची प्रत काढून ठेव. ती हसली. म्हणाली, "बाबा, सगळे ईमेलमध्ये असते." तरी बाजारात जाऊन तिने प्रत काढून आणली. अब्बांची पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे. तिच्यात त्यांचा जुना पासपोर्ट आहे, करारपत्र आहे. मुलीचा करार आता त्यांच्याच शेजारी ठेवला आहे.