शेवटच्या चित्राची किंमत

यंत्रात नाणे टाकायचे, खटका फिरवायचा आणि खाली पडेल ती गोल डबी उचलायची. आत कोणते खेळणे आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही. जपानमध्ये १९६० च्या दशकात अशी यंत्रे दुकानांपुढे दिसू लागली. खटका फिरतानाचा ‘गाचा’ आणि डबी पडतानाचा ‘पोन’, या आवाजांवरून त्यांना ‘गाचापोन’ म्हणू लागले. आपल्याकडच्या सोडतीच्या चिठ्ठ्यांच्याच जातीचा हा प्रकार. पण मुलाच्या खिशातली नाणी संपली, की खेळही संपे. रिकामा खिसा हाच तिथला पहारेकरी होता.

मोबाइल आला आणि हा पहारेकरी गेला. बिल नंतर येणार आणि तेही बहुधा आईवडिलांच्या नावावर! २०१० नंतरच्या काळात जपानी मोबाइल खेळांत ‘कोम्पु गाचा’, म्हणजे ‘पूर्ण संचाचा गाचा’, फोफावला. पैसे देऊन एकेक चित्र काढायचे. ठरलेला संच पुरा झाला, तर एक दुर्मीळ बक्षीस.

वरवर सोपे वाटते ना? जरा हिशेब करून पाहू. चित्रे पाच आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे, असे धरा. पहिल्या खेपेला कोणतेही चित्र चालते. चार जमल्यावर मात्र उरलेल्या एका चित्रासाठी सरासरी पाच खेपा लागतात आणि सगळ्या संचाला सरासरी अकराहून जास्त. काही चित्रे मुद्दाम दुर्मीळ ठेवली, तर हा आकडा आणखी फुगतो. ‘चार तर जमली, आता सोडायचे कसे?’ या हुरहुरीवर सारा धंदा उभा होता. मोठी माणसेही त्यात गुंतली; मग मुलांची काय कथा?

मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने ही पद्धत बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. गंमत म्हणजे, त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. भेटवस्तूंच्या आमिषाला आवर घालणारा १९६२ चा कायदा होताच आणि नशिबाने निघणाऱ्या चित्रांचा संच जमवायला लावून बक्षीस देण्यास त्याच्या नियमांत पूर्वीपासून मनाई होती. कारवाईची बातमी फुटताच टोकियोच्या बाजारात या खेळांच्या कंपन्यांचे शेअर गडगडले. कंपन्यांनी ही पद्धत गुंडाळली. साधा, बिनसंचाचा गाचा मात्र चालूच राहिला.

पुढे इतर देशही जागे झाले. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतल्या विकतच्या ‘लूट बॉक्स’ना, म्हणजे बंद पेट्यांना, जुगार ठरवले. चीनने २०१९ मध्ये आठ वर्षांखालील मुलांचा खेळांतला खर्च बंद केला. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना महिन्याला २०० युआनची मर्यादा घातली. २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या कंपनीने अमेरिकेत ग्राहकांना २४.५ कोटी डॉलर परत देण्याचे मान्य केले. बटणांची फसवी रचना आणि पालकांच्या संमतीविना मुलांकडून झालेली खरेदी, हे तिच्यावरचे आरोप होते.

या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. मूल हट्टी की लाडावलेले, हे कुणी विचारले नाही. पेटी कशी बनवली आहे, हे तपासले गेले. घरातही तेच करावे. खरेदीला पासवर्ड लावावाच; पण मुलाला जवळ बसवून त्या पाचव्या चित्राचा हिशेबही एकदा कागदावर मांडून दाखवावा.