गवत कापणारा दोरा

पावसाळा सरत आला की कोकणातल्या आंब्या-काजूच्या बागांतून एक घरघर ऐकू येऊ लागते. त्या यंत्राला सरसकट ‘ग्रास कटर’ म्हणतात. पुष्कळदा त्याच्या टोकाला पाते नसतेच. असतो फक्त नायलॉनचा जाड दोरा. कोळी ज्याला तंगूस म्हणतात, त्याच जातीचा. बोटाने वाकवला तर निमूट वाकणारा हा दोरा गवत कापतो तरी कसा? याचे उत्तर कळले, की हे यंत्र कसे चालवावे आणि त्याला का भ्यावे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपण विळ्याने गवत कापतो तेव्हा डाव्या मुठीत त्याचा झुबका धरतो. का बरे? कारण नुसता विळा हळू फिरवला तर गवत वाकून निसटते. कापणाऱ्याइतकेच धरणाराही महत्त्वाचा! गवत कापण्याच्या यंत्रांचा सारा इतिहास मला तरी या धरण्याचाच इतिहास वाटतो.

पहिले नाव घ्यायचे ते एडविन बडिंग या इंग्रज कारागिराचे. ग्लॉस्टरशायरमधले स्ट्राउड हे लोकरी कापडाचे गाव, आणि बडिंग तिथलाच. विणलेल्या कापडावर लव उठून येते. ती साफ कातरण्यासाठी गिरण्यांत एक फिरते यंत्र असे. बडिंगला वाटले, कापडाची लव कातरता येते तर हिरवळीची का नाही? १८३० साली त्याने पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात पाती बसवलेला एक रूळ फिरे आणि खाली एक पाते स्थिर असे. दोहोंच्या मध्ये गवत सापडे, कात्रीत सापडावे तसे. मुठीचे काम आता त्या स्थिर पात्याने पत्करले.

परंतु या यंत्राला सपाट जमीन हवी. झाडाचा बुंधा आला, कुंपण आले, दगडाची कड आली, की यंत्र थबके आणि माळी पुन्हा गुडघ्यावर बसे. हा उरलेला कोपरा पुढे जवळजवळ दीडशे वर्षे हातानेच कापला जात होता म्हणा ना.

तो कोपरा सोडवला तो कोणा इंजिनिअरने नव्हे, तर अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी नृत्यशाळा चालवणाऱ्या जॉर्ज बॅलस या गृहस्थाने. १९७१ सालची गोष्ट. मोटारी धुण्याच्या केंद्रात मोठमोठे नायलॉनचे ब्रश गरगर फिरताना त्याने पाहिले. फिरताना त्यांचे केस ताठ होत, मोटारीच्या खाचाखोचांत शिरत, पण रंगाला ओरखडा उठत नसे. बॅलसला आपल्या बागेतली झाडे आठवली. बुंध्याभोवतीचे गवत काढायचे, पण सालीला इजा होऊ द्यायची नाही, ही त्याची अडचण होती. त्याने पॉपकॉर्नचा रिकामा डबा घेतला, त्याला मासेमारीच्या जाड दोऱ्याचे तुकडे बांधले, आणि तो डबा हिरवळीच्या कडा छाटणाऱ्या यंत्रावर बसवला. ‘वीड ईटर’ जन्मला तो असा. कारखानदारांनी नाके मुरडली, तेव्हा बॅलसने स्वतःच तो बाजारात आणला. आणि पुढे धंदा एमर्सन इलेक्ट्रिक या बड्या कंपनीला विकला.

आता बघा, येथे ना मूठ, ना खालचे पाते. मग गवत धरतो कोण? ते आपल्याच जडत्वाने जागच्या जागी राहते. यंत्राचे डोके मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल आणि दोरा मध्यापासून २० सेंटिमीटर असेल, तर टोकाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या पुढे जातो. गवताला वाकायला सवडच मिळत नाही!

याचा अर्थ असा की कापते ते फक्त टोक. डोके गवतात खुपसले तर दोरा गुंडाळतो आणि इंजिन धापा टाकते. टोकानेच कापावे. उंच गवत असेल तर वरून खाली, दोन-तीन टप्प्यांत उतरावे. डोके कोणत्या दिशेने फिरते ते आधी पाहावे, आणि ज्या बाजूला टोक आपल्यापासून दूर जाते त्या बाजूने गवत घ्यावे. म्हणजे कचरा अंगावर येत नाही.

आणि याच वेगाने खडाही उडतो. म्हणून डोळ्यांवर जाड गॉगल, अंगात पूर्ण लांबीची विजार, पायांत चपला नव्हे, बूट. कानांचीही काळजी घ्यावी. पंधरा मीटरांच्या आत कोणी नसावे, मुले तर नाहीतच. यंत्राचे संरक्षक झाकण काढून दोरा लांब सोडण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती निव्वळ आत्मघातकी. आणि तिने काम वाढते असेही नाही, कारण लांब दोऱ्याने इंजिनाचा दम तुटतो. दोरा तुटतो म्हणून काहींनी साखळ्या बसवल्या. ब्रिटनमध्ये अशा जोडणीने एक जीव गेला, आणि २०१२ साली युरोपीय आयोगाने सुट्या धातूच्या कड्यांची असली जोडणी बाजारातून हटवण्याचा निर्णय घेतला. दोरा ठिसूळ झाला असेल तर साधा उपाय आहे: रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा. नायलॉन पाणी पिते आणि पुन्हा लवचिक होते.

मौज अशी की, ज्या सालीच्या काळजीतून हे यंत्र निघाले तीच साल आज त्याच्याने सोलली जाते. दोरा मऊ आहे या भरवशावर माणूस बुंध्याला खेटून यंत्र फिरवतो. मोठे झाड सोसते. दोन-तीन वर्षांच्या कलमाची साल मात्र कोवळी. आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते ते सालीच्या आतल्या थरातूनच. ती चारी बाजूंनी सोलली गेली की मुळे उपाशी पडतात. वरची पाने काही काळ हिरवीच दिसतात, त्यामुळे कलम का वाळले हे मालकाला उमगतही नाही. तेव्हा कलमाभोवती हातभर जागा यंत्राला वर्ज्य समजावी. तेवढे गवत खुरप्याने काढावे आणि तिथे पालापाचोळा पसरावा, बुंध्याला न टेकवता.